धुमकूचे नक्शाबाबू

धुमकूची उंची दोन फूट तीन इंच होती. शेपूट धरून नव्हे. शेपूट वेगळी, एक फूट अकरा इंच. यात एका सुताचा फरकही नक्शाबाबूंना चालत नसे. धुमकू म्हणजे एक छोटा ड्रॅगन, आणि तो कागदाबाहेर कुठेच अस्तित्वात नव्हता, हे मी त्यांना एकदाच बोलून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि शांतपणे विचारलं, "कुतुबमिनार तू स्वतः मोजलायस? नाही ना? तरी त्याची उंची मान्य करतोस की नाही?" मी मान्य केली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती.

त्या काळात दिल्लीत घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागला होता, पण मुलं अजून कॉमिक्स वाचत होती. करोल बागेत एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं प्रकाशन होतं. मालकांना सगळे लालाजी म्हणत. त्यांचा महानायक उल्काराज. छाती अशी की चौकटीत मावायची नाही, आणि पाठीवर अंगरखा, जो दिल्लीच्या जूनमध्येही फडफडत असे. या उल्काराजच्या गोष्टी मी लिहायचो. म्हणजे पोटापाण्यासाठी लिहायचो, असं मी स्वतःला सांगत असे. खरं तर पोटापाण्याची सोय वडिलांनी केलेली होती. आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, बाबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, आणि मी हिंदीत एम. ए. करून मराठी साहित्यात क्रांती करायच्या तयारीत होतो. मराठी साहित्याला याची कल्पना नव्हती. पुण्याच्या एका मासिकाकडे मी दर दोन महिन्यांनी एक कथा पाठवायचो आणि ती दर दोन महिन्यांनी परत यायची. एवढी नियमित टपालसेवा मी पुन्हा पाहिली नाही.

कॉमिक्सवर मी माझं नाव घालत नसे. 'विक्रांत' या टोपणनावानं लिहायचो. उद्या मोठा लेखक झाल्यावर कुणी म्हणायला नको, हाच ना तो, उल्काराजवाला! एवढी दूरदृष्टी होती मला.

लालाजींना एक दिवस वाटलं की उल्काराजला सोबती पाहिजे. "बच्चे छोटा जानवर मांगते हैं. कुत्ता सबके पास है. तुम कुछ नया सोचो." मी ड्रॅगन सुचवला. का सुचवला ते सांगायला मला लाज वाटते. कॅलेंडरवर पाहिला होता. पण आमचा चित्रकार पिळदार दंड काढण्यात तरबेज होता, त्याला लहान काही काढताच येईना. त्यानं काढलेल्या ड्रॅगनलाही दंड आले. तेव्हा लालाजी म्हणाले, आपल्या ओळखीचे एक नक्शेवाले बाबूजी आहेत, रेघ फार साफ.

हे नक्शेवाले बाबूजी आमच्याच कॉलनीत, दोन ब्लॉक सोडून राहायचे, आणि चक्क मराठी निघाले. मूळचे अकोल्याचे. सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायची नोकरी. दिल्लीतल्या निम्म्या सरकारी इमारतींचे जिने आपल्या हातून गेलेत असं ते म्हणत, आणि इमारतीचं नाव न घेता फक्त जिना सांगत. "तो वळणाचा, सतरा पायऱ्यांचा." घरी मी त्यांना काका म्हणायचो, पण छापखान्यात सगळे नक्शाबाबू म्हणत, आणि माझ्या मनातही तेच नाव बसलं. कमरेला पट्टा आणि त्यावर सहा इंची पट्टीची कातडी म्यान. मी ती पट्टी मिठाईच्या दुकानातही बाहेर निघालेली पाहिली आहे. बर्फी एका बाजूला जाड होती म्हणे.

ते रोज कचेरी सुटल्यावर बसनं करोल बागेला यायचे. चित्रकाराचा उल्काराज काढून झाला की पानात जिथे मोकळी जागा उरे तिथे ते धुमकू बसवायचे, आणि मागची घरं, गल्ल्या, जिनेही तेच काढायचे. पण आधी त्यांनी महिनाभर धुमकूचा नुसता अभ्यास केला. समोरून, बाजूनं आणि वरून, असे तीन नकाशे. डोकं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या पालीचं होतं. पंख वटवाघळाचे. पोट मात्र त्यांच्या खात्यातल्या एका निवृत्तीला आलेल्या साहेबांचं होतं, हे त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं. त्या नकाशांच्या घड्या घालून ठेवलेली एक फाइल होती. तिच्यावर त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं, 'धुमकू : सेवापुस्तक'.

मला वाटलं गंमत असेल. गंमत नव्हती. एका अंकात मी धुमकूच्या डाव्या पंखाला गोळी लागलेली दाखवली. पुढच्या अंकात तो उडतो असं लिहिलं. नक्शाबाबूंनी ते पान परत आणून माझ्यासमोर ठेवलं.

"हाड जुळायला किती दिवस लागतात?"

"काका, तो ड्रॅगन आहे."

"म्हणजे? हाड नाही त्याला?"

तीन अंक धुमकू पंखाला पट्टी बांधून पायी चालला. उल्काराज वरून उडायचा आणि हा खालून, बसच्या रांगेत. माझ्या दृष्टीनं तो कथेचा खून होता. मुलांची मात्र पत्रं आली, धुमकूला आता कसं आहे म्हणून. एका मुलीनं हळद पाठवली.

आग ओकण्यावरून तर पहिल्या अंकाच्या वेळीच मोठं भांडण झालं होतं. लालाजींना आग हवी होती. ड्रॅगन आहे, आग नाही तर मग काय सरडा आहे का? नक्शाबाबू म्हणाले, "लालाजी, आग उगलने के लिए चारों तरफ खुली जगह चाहिए. इन्होंने कहानी चांदनी चौक की गली में रखी है. पूरा मोहल्ला जल जाएगा. धुआँ चलेगा." म्हणून नक्शाबाबू होते तोवर आमचा ड्रॅगन नुसता धूर सोडत राहिला आणि त्याचं नाव धुमकू पडलं. दुष्ट माणसं खोकत सुटायची आणि उल्काराज त्यांना पकडायचा. खोकणाऱ्या माणसाला पकडण्यात कसलं आलंय शौर्य, असं मी म्हणे. ऐकायला कुणी नसे.

या सगळ्या कामाचा ते एक पैसा घेत नसत. चहा घेत, आणि हिवाळ्यात मीठ लावलेला पेरू. आणि चित्राखाली नावही घालत नसत. याचं कारण मी एकदा विचारलं तेव्हा ते इतके गंभीर झाले की मला वाटलं काहीतरी कौटुंबिक निघणार.

"परवानगी नाही आली अजून."

"कसली?"

"सरकारी नोकराला बाहेर काम करायचं तर खात्याची परवानगी लागते. अर्ज केलाय."

मला नियम थोडे माहीत होते. सेक्शन ऑफिसरच्या घरात वरणभाताबरोबर नियमही वाढले जातात. "काका, कलेचं काम कधीमधी केलं तर चालतं. परवानगी लागत नाही."

"कधीमधी," ते म्हणाले. "मी दर महिन्याला काढतो. हे कधीमधी आहे का?"

त्यांच्या कचेरीतले लोक त्यांना चिडवत, काय बाबूजी, चोरून धंदा चाललाय ना? ते हसण्यावारी नेत नसत. त्यांना ते खरोखर लागायचं. "मी चोरून काही करत नाही," ते मला म्हणाले. "हे एकदा कागदावर आलं पाहिजे. सरकारच्या माहितीनं, नोकरीत असताना, माझं पूर्ण नाव. बस." पूर्ण हा शब्द त्यांनी जरा दाबून उच्चारला. इमारतीच्या नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, त्यात कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं हे लिहितात. मंजूर करणाऱ्याचं नाव पूर्ण, तपासणाऱ्याचं पूर्ण, आणि काढणाऱ्याची नुसती आद्याक्षरं. एकतीस वर्षं त्यांनी दोन अक्षरांवर काढली होती.

म्हणून पहिल्या अंकापासून त्यांनी शेवटच्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी रिकामी चौकट काढायला सुरुवात केली. परवानगी आली की तिथे नाव. लालाजींनी ती चौकट राहू दिली, कारण त्यांना वाटलं ती मुलांनी आपलं नाव लिहिण्यासाठी आहे. मुलांनाही तसंच वाटलं. नक्शाबाबूंना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "लिहू दे. तोपर्यंत जागा रिकामी तरी नाही."

अर्जाचा मसुदा माझ्या बाबांनी केला होता. आमच्या कॉलनीत कुणाला बदली रोखायची असो की नळ गळत असल्याची तक्रार करायची असो, सगळे बाबांकडे येत. मसुदा करण्यात बाबांचा हात धरणारा कुणी नव्हता. कुठेही फट नको, हे त्यांचं तत्त्व. मूळ मसुदा इंग्रजीत होता. त्याचा अर्थ साधारण असा: 'उल्काराज या मासिक चित्रकथेतील, धुमकू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सपंख, धूर सोडणाऱ्या, दोन फूट तीन इंच उंचीच्या काल्पनिक प्राण्याचे विनामोबदला रेखाटन करण्यास व त्याखाली स्वतःचे नाव छापण्यास अनुमती मिळावी.' उंची नक्शाबाबूंनी घालायला लावली. वाचून बाबा म्हणाले, "बिल्कुल एअरटाइट झालंय. यात आता कुणी बोट घालून दाखवावं."

लोकांनी बोट घातलंच. एका टेबलानं विचारलं, हा प्राणी संरक्षित वन्यजीवांपैकी आहे काय? दुसऱ्यानं लिहिलं, प्राणी काल्पनिक असल्याबद्दल सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडावे. प्रत्येक वेळी बाबा नवा मसुदा करत आणि नक्शाबाबू संध्याकाळी आमच्या बाल्कनीत बसून तो स्वच्छ अक्षरात उतरवून काढत. अशी चार वर्षं गेली.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

पुण्याच्या मासिकानं त्या वर्षी माझी कथा परत पाठवताना पहिल्यांदाच एक ओळ लिहिली. 'आपल्या लेखनात शोकात्म अनुभवाचा अभाव जाणवतो.' मी ती ओळ आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. शोकात्म अनुभव आणायचा कुठून? घरात सगळे धडधाकट. त्याच आठवड्यात छापखान्यात मुलांच्या पत्रांचा गठ्ठा आला. मी सगळी वाचली. धुमकू, धुमकू, धुमकू. धुमकूला काय आवडतं, धुमकू अंघोळ करतो का. संवादांबद्दल एक अक्षर नाही. कथानकाबद्दल नाही. विक्रांत कोण, हेही कुणाला जाणून घ्यायचं नव्हतं. मी तुम्हांला खरं सांगतो, त्या दिवशी मला दोन फूट तीन इंचाच्या पालीचा मत्सर वाटला. आयुष्यात मी पुढे बऱ्याच मोठ्या लोकांचा मत्सर केला, पण सुरुवात तिथून झाली.

मी धुमकूला मारायचं ठरवलं.

दुष्ट डॉक्टर कर्कट उल्काराजला अरवलीच्या डोंगरातल्या गुहेत कोंडतो. सुरुंग पेरलेला. धुमकू आपल्या धुरात मालकाला दडवून बाहेर ढकलतो आणि स्वतः आत राहतो. स्फोट. गुहा कोसळते. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अर्थातच स्वतःच्या शैलीमुळे. लालाजींनी वाचलं आणि मान डोलावली. "मौत बिकती है. कर दो."

नक्शाबाबूंनी पानं दोनदा वाचली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं. मग त्यांनी विचारलं, "गुहेचं क्षेत्रफळ किती?"

"काका, क्षेत्रफळ मी नाही लिहिलं."

"ते दिसलं मला. मी धरू का अंदाजानं?"

"धरा ना."

"आणि हे लेखी दे."

"काय?"

"की तो मरतो. उद्या कुणी विचारलं तर."

मी एका कागदावर लिहून दिलं, 'धुमकू मरतो.' खाली सही केली, विक्रांत. त्यांनी तारीख घालायला लावली आणि कागद सेवापुस्तकात लावून टाकला. त्या महिन्यात त्यांनी पेरू खाल्ला नाही. पानं मात्र वेळेवर दिली. काढलेली पानं मी पाहिलीसुद्धा नाहीत. फुग्यांमधले संवाद तेवढे तपासले, एकही शब्द गाळलेला नाही ना म्हणून. मी कधीच चित्रं पाहत नसे. शब्दांचा माणूस ना मी!

अंक बाजारात गेला आणि बरोबर वीस दिवसांनी परवानगी आली.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं, तेही बाहेर पावसाचं नाव नसताना. बाबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. शब्द न शब्द बाबांच्याच मसुद्यातला. सपंख, धूर सोडणारा, दोन फूट तीन इंच. 'केवळ उपरोक्त प्राण्यापुरती ही अनुमती मर्यादित असून, अर्जदाराच्या निवृत्तीच्या दिनांकास ती संपुष्टात येईल.' बाबांचा आवाज अभिमानानं भरून आला. "अच्छा! शेवटी दिलीच की नाही? चला, आता पुढच्या अंकात नाव."

नक्शाबाबू पिशवीच्या सुरकुत्या सारख्या करत होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"प्राणी वारला," नक्शाबाबू म्हणाले.

बाबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाबा सहसा आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी शेजारच्या तामिळ कुटुंबानं खिडकी उघडून पाहिलं. "गाढवा! चार वर्षं फाइल फिरतेय आणि तू त्याला मारलास? कशासाठी?"

शोकात्म अनुभवासाठी, असं काही मला सांगवेना.

"नवा अर्ज करू, दुसऱ्या प्राण्याचा," मी म्हणालो.

"आणि तो चार वर्षांनी येईल. हे सात महिन्यांनी रिटायर होतायत."

"मग तर काय, रिटायर झाल्यावर हवं तिथे नाव घालता येईल. परवानगीच लागणार नाही." मी हे अगदी समजूतदारपणे म्हणालो. आजही ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो.

नक्शाबाबूंनी पत्राची जुन्या घड्यांवर पुन्हा घडी घातली. "तेव्हा मी कोणाचाच नोकर नसेन रे," ते म्हणाले. "मग ते नाव घालणं काय नि न घालणं काय." पिशवी घेऊन ते गेले. चप्पल घालताना त्यांना डावी उजवी लवकर सापडेना. मला फार वाईट वाटलं. मासिकाला हवा होता तो अनुभव बहुधा हाच असावा, पण त्याची कथा करायचं मला सुचलं नाही, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल.

दुसऱ्या दिवसापासून मी धुमकूला जिवंत करायच्या मागे लागलो. लालाजींची हरकत नव्हती. मुलांची रडकी पत्रं पोत्यानं यायला लागली होती. "मरा है तो ज़िंदा भी बिकेगा." मी पहिली कल्पना नेली, हिमालयातल्या साधूच्या वरदानानं धुमकू पुन्हा जन्मतो. नक्शाबाबूंनी मान हलवली. "पुनर्जन्म झाला तर तो दुसरा प्राणी. परवानगी पहिल्याची आहे." मी दुसरी नेली, मेला तो धुमकूचा जुळा भाऊ होता. "सेवापुस्तकात भाऊ नाही." तिसरी, हे सगळं उल्काराजचं स्वप्न होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कागद फाडूनच टाकला.

तीन दिवस मी हेलपाटे घालत होतो, लक्ष्मीबाई नगरच्या एका ब्लॉकमधून दुसऱ्यात. तिसऱ्या दिवशी काकूंनी दार उघडलं. काकू जात्याच कमी बोलणाऱ्या. थालीपीठ पुढे ठेवत त्या आत बघून म्हणाल्या, "अहो, सांगा आता त्याला. किती छळायचं पोराला?"

नक्शाबाबूंनी सेवापुस्तकातून अंक काढून माझ्यापुढे टाकला. "शेवटून दुसरं पान पाहिलंस का?"

"मीच लिहिलंय ते."

"लिहिलंस. पाहिलंस का?"

मी पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कॉमिक्सचं चित्र पाहिलं. गुहा होती, सुरुंग होता, धूर होता. माझा संवाद मोठ्या फुग्यात होता, 'अलविदा, मेरे दोस्त!' आणि त्या फुग्याच्या बरोबर खाली, डाव्या भिंतीत, काळोखात एक कमान होती. तीन फूट रुंद असावी. कमानीपलीकडे पायऱ्या, वर जाणाऱ्या. सुरुंगाच्या उलट दिशेला.

"हे काय आहे?"

"दुसरं दार."

"गुहेला?"

"मग? दोनजण आत आहेत, स्फोटक सामान साठवलंय, आणि बाहेर पडायला एकच दार?" त्यांचा आवाज चढला. "एका दाराचा नकाशा मी जन्मात काढला नाही. तू काढ म्हणालास तरी काढणार नाही. सतरा पायऱ्या आहेत, मोज."

मी मोजल्या. सतराच होत्या.

"म्हणजे तुम्ही त्याला मुद्दाम वाचवलंत!"

"मुद्दाम काय त्यात? नियम आहे."

"मग तीन दिवस बोलला का नाहीत?"

"मी काढणारा. तपासायचं काम तुझं होतं." ते थालीपीठ मोडायला लागले. "आणि लेखी तू दिलं होतंस."

त्यांनी ते दार केवळ सवयीनं काढलं होतं की धुमकूवरच्या जिवापाड मायेनं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. कदाचित त्यांच्यात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. मी मात्र त्या दिवशी काकूंच्या स्वयंपाकघरात बसून खरोखर रडलो, आणि या वेळी शैलीचा काही संबंध नव्हता.

पुढच्या अंकात धुमकू सतरा पायऱ्या चढून बाहेर आला. खोकत. सगळा अंक मी चित्रं समोर ठेवून लिहिला, आणि त्यात संवाद फार कमी होते. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यातली चौकट या वेळी रिकामी नव्हती. 'रेखाटन' असं लिहून त्यापुढे त्यांनी नाव घातलं होतं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सगळं. मी ते इथे लिहीत नाही, त्यांनी ते जिथे लिहायचं होतं तिथे लिहून ठेवलं आहे.

पण त्या दिवशी चौकटी दोन होत्या. दुसरीत 'लेखन' एवढंच होतं आणि पुढे मोकळी जागा. पहिल्या चौकटीवर बसलेला धुमकू शेपटीनं तिकडे बोट दाखवावं तसं दाखवत होता.

"विक्रांत लिहू?" मी विचारलं.

"तो कोण?" नक्शाबाबू म्हणाले. "तुझं नाव लिही."

आता पाहा, नेमकं त्याच आठवड्यात एका दिवाळी अंकानं माझी कथा 'विचाराधीन' असल्याचं कळवलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे तो संपादक आला, करोल बागेचं कॉमिक्स हातात धरलेला. मी म्हणालो, "राहू दे काका, पुढच्या अंकात बघू."

"तुला कोणाची परवानगी पाहिजे?" त्यांनी विचारलं. चिडून नव्हे. त्यांना खरंच माहिती हवी होती, फाइल कुठे अडलीय त्याची. मी पानं गोळा करायला लागलो. त्यांनी चौकट खोडली नाही, तशीच जाऊ दिली.

त्यांच्या नावाचे असे सहा अंक निघाले. रेघ तशीच राहिली, सही मात्र अंकागणिक लहान होत गेली. एकदा मिळाल्यावर त्यांना तिचं काही राहिलं नसावं. सातव्या महिन्यात ते निवृत्त झाले आणि काकूंना घेऊन अकोल्याला गेले. सेवापुस्तकात शेवटची नोंद त्यांनी माझ्यासमोर केली: 'प्राणी कामावर हजर. प्रकृती उत्तम.' बरीच वर्षं संक्रांतीला त्यांचं कार्ड यायचं, कोपऱ्यात धूर सोडणारा धुमकू, पट्टीनं मोजून काढलेला. मग एका वर्षी काकूंचं पत्र आलं.

ते दिल्ली सोडून गेल्यावर धुमकू फार टिकला नव्हता. दुसऱ्या चित्रकारानं त्याला साडेतीन फुटांचा केला आणि त्याच्या तोंडातून आग काढली. मग केबल टीव्ही आला आणि लालाजींनी वह्या छापायला घेतल्या. त्या दिवाळी अंकानं माझी कथा परत केली. मी सरकारी नोकरी धरली, अनुवादकाची, आणि बत्तीस वर्षं इतरांची पत्रं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेली. त्यांवर कुठेही माझं नाव नव्हतं. नुसती आद्याक्षरं.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी जुन्या पुस्तकांच्या बाजारात गेलो होतो. एका ढिगात, कुजलेल्या गाइडांखाली, एक ओळखीचं हिरवं कव्हर दिसलं. तोच अंक, सतरा पायऱ्यांचा. मी तिथेच उकिडवा बसलो. गुडघ्यांनी तक्रार केली, पण बसलो. दुकानदाराला म्हणालो, "ये मैंने लिखा है." इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. त्यानं शेजारच्या गिऱ्हाइकाला डिक्शनरी देत देत विचारलं, "अच्छा अंकल? कहाँ लिखा है आपका नाम?"

मी शेवटचं पान उघडलं. नक्शाबाबूंचं नाव कालच लिहिल्यासारखं होतं, तिन्ही भाग, एकही रेघ फिकी नाही. त्यावर धुमकू बसलेला. मी खिशातून पेन काढलं. हो, काढलं. म्हटलं, चौकट आहे, जागा आहे, संपादक कधीच वारला, बाबाही गेले, आता कोणाची परवानगी?

पण 'लेखन'च्या पुढची जागा रिकामी नव्हती. निळ्या शाईत, ओळीबाहेर जाणाऱ्या वेड्यावाकड्या अक्षरांत तिथे लिहिलं होतं, 'बबलू, छठी ब'.

धुमकूची शेपटी बरोबर त्याच्याकडे वळलेली होती. मी पेनाला टोपण लावलं, अंक घेतला आणि घरी आलो. घरी आल्यावर पट्टी घेऊन बसलो आणि गुहेतून बाहेर येणाऱ्या धुमकूचं माप घेतलं, शेजारचं दार सहा फुटांचं धरून. दोन फूट तीन इंच. बरोबर होतं.